प्रॉस्टेटची तपासणी : आधी चित्र, मग सुई

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या एका दुखण्याविषयी घरोघरी मौन पाळले जाते. रात्रीतून चार वेळा लघवीस उठावे लागते, धार बारीक होते. परंतु संकोचामुळे गृहस्थ पत्नीपाशीही शब्द काढीत नाहीत. पुढे मुलगा आग्रहाने डॉक्टरांकडे नेतो, रक्तातील पी. एस. ए. तपासले जाते, आकडा वाढलेला निघतो आणि सारे घर भयभीत होते. म्हणून या विषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस इष्ट वाटते.

प्रॉस्टेट ही मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी होय. पी. एस. ए. हे द्रव्य तिच्यातच तयार होते. कर्करोगात ते वाढते हे खरे. तथापि वयपरत्वे ग्रंथी मोठी झाली किंवा तिला सूज आली, तरीही ते वाढते. केवळ आकड्यावरून कर्करोग ठरत नाही.

पूर्वी असा आकडा दिसताच सोनोग्राफीच्या साहाय्याने गुदद्वारातून ग्रंथीत दहाबारा ठिकाणी सुई घालून तुकडे काढीत. संशयाची जागा नेमकी ठाऊक नसल्याने घातक गाठ कधी सुटून जाई. उलट, जन्मभर उपद्रव न देणारी गाठ हाती लागून रोग्यास नाहक उपचार सोसावे लागत.

एम. आर. आय. यंत्र चुंबकशक्तीने ग्रंथीचे चित्र काढते. त्यात क्ष-किरण नसतात. चित्र पाहून तज्ज्ञ १ ते ५ असे गुण देतात. १ किंवा २ असल्यास धोका अल्प, ३ असल्यास संदिग्ध, ४ किंवा ५ असल्यास संशय बळकट. मग सुई त्या जागीच घालता येते.

ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या व २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घातक रोग असलेल्या १०० जणांपैकी ९३ जण चित्राने दाखविले. जुन्या पद्धतीच्या सुईने अवघे ४८. पुढील वर्षी ११ देशांतील ५०० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे चित्र आधी काढले, त्यांच्यापैकी शेकडा २८ जणांना सुईची गरजच पडली नाही. शिवाय घातक रोग शेकडा ३८ जणांत सापडला, तर जुन्या पद्धतीने शेकडा २६ जणांत.

मात्र चित्र सर्वज्ञ नव्हे. १०० पैकी ७ जणांचा रोग त्यातूनही निसटला, हे विसरू नये. चित्र स्वच्छ निघाले तरी डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त पुन्हा तपासून घ्यावे. कर्करोगाचे अंतिम निदान आजही तुकड्याच्या तपासणीनेच होते.

तेव्हा सुईचा सल्ला मिळाल्यास, आधी एम. आर. आय. करता येईल काय, असे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे. वडील वा भाऊ यांना हा रोग झाला असल्यास, तसेच अंगात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास, तेही सांगावे. गृहिणींनीही घरच्या पुरुषांचे रात्रीचे उठणे नजरेआड करू नये. लाजेपायी गमावलेले महिने पैशाने परत मिळत नाहीत.