खटक्यांचे गणित

1984 साली जपानमधल्या सकाई शहरातल्या शिमानोने ड्युरा-एस 7400 हा गिअरसंच आणला आणि रेसिंग सायकलच्या गिअरला भरवशाचा खटका मिळाला. त्याआधी फ्रेमच्या तिरक्या नळीवरचा लिव्हर अंदाजानेच ओढावा लागे. चकती बदलताना साखळी करकरली, की लिव्हर केसभर मागे घ्यायचा. आवाज थांबला की गिअर बसला. सारी मदार हातावर आणि कानावर होती, म्हणून विचेन्झाच्या काम्पान्योलोचा साखळी सरकवणारा डीरेलर, फ्रान्समधल्या सिंप्लेक्सचा शिफ्टर आणि जपानी सनटूरचे फ्रीव्हील एकाच सायकलवर गुण्यागोविंदाने नांदत. कुठला भाग किती सरकतो, हे स्वाराचा हात सांभाळून घेई.

खटक्याने हा अंदाज हातातून काढून धातूत नेला. त्याची वाट मात्र सनटूरने आखली होती, आणि त्याचे श्रेय त्या कंपनीला द्यायलाच हवे. 1964 मध्ये त्यांनी डीरेलरचा समांतरभुज चौकोन तिरका बसवला. त्यामुळे डीरेलरची वरची पुली चकत्यांच्या उतारालगत सरकू लागली आणि लहानमोठ्या प्रत्येक चकतीपासून जवळजवळ सारख्याच अंतरावर राहू लागली. या रचनेचे पेटंट वीस वर्षांनी संपले, आणि शिमानोने तीच रचना खटक्याच्या जोडीला घेतली.

आता जुळणीचा प्रश्न. शिफ्टर एका खटक्याला केबल किती ओढतो, 1 मिमी केबलमागे डीरेलर किती सरकतो (म्हणजे त्याचे गुणोत्तर) आणि दोन चकत्यांमध्ये किती अंतर आहे, एवढेच पाहायचे. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार तिसऱ्याशी जुळला पाहिजे. शिमानोच्या त्या काळातल्या बहुतेक रोड डीरेलरचे गुणोत्तर सुमारे 1.7. आठ गिअरचा शिफ्टर सुमारे 2.8 मिमी केबल ओढतो. गुणाकार 4.76, आणि चकत्यांमधले अंतर 4.8. जमले.

ड्युरा-एस 7400 मालिकेत मात्र गुणोत्तर सुमारे 1.9 आणि आठ गिअरच्या शिफ्टरची ओढ सुमारे 2.5 मिमी. आपापसांत तेही जमते. पण हाच शिफ्टर शिमानोच्याच 105 मालिकेतल्या डीरेलरला जोडला, तर प्रत्येक खटक्याला डीरेलर 4.25 मिमीच सरकतो. अर्ध्या मिलिमीटरची ही तूट साठत जाते आणि पाचव्या खटक्याला अडीच मिलिमीटरच्या पुढे जाते. साखळी दोन चकत्यांच्या अधेमध्ये लटकते. मेकॅनिक बिचारा केबल ताणत बसतो, पण ताण वाढवून ही तूट भरून येत नाही. गंमत अशी, की नऊ गिअरच्या चकत्यांमधले अंतर 4.35 मिमी असते, त्यामुळे हीच विजोड जोडी नऊ गिअरच्या कॅसेटवर बऱ्यापैकी चालते; फक्त एक चकती वाया जाते. जुनी सायकल घेताना लोक कंपनीचे नाव वाचून निर्धास्त होतात. माझ्या मते वाचायचा असतो तो डीरेलरवर कोरलेला मॉडेल क्रमांक. 1996 च्या सुमारास ड्युरा-एस 7700 आले आणि हा घरातला भेद मिटला.

काम्पान्योलोच्या आठ गिअरच्या चकत्यांमध्ये 5 मिमी अंतर, म्हणजे तिथला हिशेब आणखी निराळा. शिवाय खटक्याला दाबाखाली आखडणारी जुनी आउटर केबल चालत नाही.

तरीही 7400 च्या उजव्या लिव्हरवर एक छोटी कडी आहे. ती फिरवली की खटके बंद होतात आणि हा लिव्हर कोणत्याही कंपनीच्या जुन्या डीरेलरला चालतो.