नागमोडी केस वाढवताना

बॉबकट वाढवून वेणी घालावी असे अनेक मुलींना वाटते. पण केस नागमोडी असले की खांद्यापाशी येताच ते बाहेर वळतात, फुलतात. मग शाळेत ‘झिपरी’ म्हणून चिडवतात आणि मुलगी पुन्हा कात्री मागते. येथे धीर हवा. केस महिन्याला साधारण 1 सें.मी. म्हणजे वर्षाला सुमारे 12 सें.मी. वाढतात. हा हिशेब मुलीला आधीच सांगावा.

अशा केसांत डोक्यावरचे नैसर्गिक तेल टोकांपर्यंत लवकर पोचत नाही, म्हणून टोके कोरडी पडतात. न्हाण्यापूर्वी टोकांना खोबरेल तेल लावावे. त्याने केसांतील प्रथिनांची झीज कमी होते, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. ओले केस खसाखसा पुसू नयेत. मोठ्या दातांच्या कंगव्याने आधी टोकाकडचा गुंता सोडवावा, मग वर जावे. वाळल्यावर विंचरले तर केस पिंजारतात. फाटलेली टोके तेवढी कापावीत. त्याने वाढ होत नाही, पण केस वरपर्यंत फाटत जात नाहीत.

केस दबावेत म्हणून घट्ट वेणी मात्र घालू नका. रोजच्या ताणाने कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात. सैल वेणी आणि दोन पिना पुरेत. आणि मुलीच्या केसांना नावे ठेवणे आधी घरातूनच थांबले पाहिजे.