शक्ती फक्त चोवीस!

हवेत उडता यावं, हातातून आगीचे लोळ सोडता यावेत, अंगावर बंदुकीची फैर झडली तरी ढिम्म हलू नये... यातलं काय हवं, असं विचारलं तर कुणीही ‘सगळंच’ म्हणेल. ‘सिटी ऑफ हीरोज’ या इंटरनेटवरच्या अमेरिकन खेळाची खरी गंमत इथेच होती. सगळं मिळत नसे. मिळायच्या त्या शक्ती मोजून चोवीस, आणि त्याही पायरी-पायरीने.

क्रिप्टिक स्टुडिओज या कंपनीने बनवलेला आणि एनसीसॉफ्ट या कोरियन कंपनीने बाजारात आणलेला हा खेळ एप्रिल २००४मध्ये सुरू झाला. पॅरागॉन सिटी नावाचं काल्पनिक शहर, तिथले गुंड, आणि त्यांच्याशी एकाच वेळी लढणारे देशोदेशीचे हजारो खेळाडू. प्रत्येकाने आपला महानायक स्वतः घडवायचा. नाव आपलं, पोशाख आपला. मात्र खांद्यावरून रुळणारा झगा हवा असेल, तर विसाव्या पातळीपर्यंत घाम गाळायचा!

सुरुवातीलाच नायकाचा प्रकार ठरवायचा असे. दुरून मारा करणारा पण अंगाने नाजूक असा ब्लास्टर, सगळ्यांचा मार स्वतःवर घेणारा टँकर, सोबत्यांना बळ देणारा डिफेंडर, शत्रूला जागच्या जागी खिळवणारा कंट्रोलर, नाहीतर समोरासमोर भिडणारा स्क्रॅपर. प्रत्येकाला नऊ-नऊ शक्तींचे दोन संच मिळत. पहिल्या पातळीवर दोन शक्ती, मग ३२व्या पातळीपर्यंत दर दोन पातळ्यांनी एक, आणि पुढे ३५, ३८, ४१, ४४, ४७ आणि ४९ या पातळ्यांवर एकेक. झाल्या चोवीस.

आता हिशेब करून पाहा. दोन्ही संच पूर्ण घ्यायचे म्हटले, तर अठरा शक्ती तिथेच गेल्या. उरल्या सहा. उडायचंय? त्याआधी त्याच गटातली एक लहान शक्ती घ्यावी लागे, म्हणजे दोन गेल्या. शिवाय प्रत्येक शक्ती वापरताना नायकाचा दम खर्ची पडे. तो लवकर भरून यावा म्हणून ‘स्टॅमिना’ घ्यायची, तर त्याआधी आणखी दोन किरकोळ शक्ती गळ्यात पडत. म्हणजे तीन गेल्या. हाती राहिली एक! आणि शेवटच्या पातळ्यांवरच्या खास शक्ती तर अजून पुढेच आहेत.

आग नाही, वीज नाही, डोळ्यांना काही दिसतही नाही, अशी ही ‘स्टॅमिना’. तरी जवळजवळ प्रत्येक जण ती घेई. घरखर्चातल्या रॉकेल-मिठासारखाच हा प्रकार. अखेर २०१०मध्ये बनवणाऱ्यांनीच ती सर्वांना आपोआप देऊन टाकली, तेव्हा कुठे खेळाडूंच्या तीन जागा मोकळ्या झाल्या.

खरा पेच मात्र ३२व्या पातळीवर पडायचा. मुख्य संचातली नववी, सर्वांत मोठी शक्ती इथे समोर येई. आगीच्या ब्लास्टरसाठी ती ‘इन्फर्नो’. एका झटक्यात भोवतालची टोळी भाजून काढणारी. पण स्फोट व्हायचा तो स्वतःभोवती. म्हणजे दुरून लढायची सवय असलेल्या, दोन फटक्यांत आडवं होणाऱ्या या गड्याने आधी शत्रूंच्या गराड्यात घुसायचं. स्फोटानंतर दम शून्यावर येई, चालू असलेली संरक्षक कवचं गळून पडत आणि काही क्षण दम भरूनही येत नसे. एखादा शत्रू वाचला, तर मग ब्लास्टरची खैर नाही. आणि पडलात तर मिळणाऱ्या अनुभवातून कापलं जाणारं ‘कर्ज’ डोक्यावर बसे.

इंद्राने दिलेली शक्ती कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवली आणि ती घटोत्कचावर खर्ची पडली, ही कथा आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते. इन्फर्नो घेणाऱ्याची गत काहीशी तशीच होती. अभेद्य शरीराच्या टँकरला मिळणारी ‘अनस्टॉपेबल’ही त्याच कुळातली. तीन मिनिटं जवळजवळ अजिंक्य, आणि वेळ संपताच ऐन लढाईत प्राण आणि दम दोन्ही तळाला. त्यामुळे तिच्याकडे पाठ फिरवणारा खेळाडू मूर्ख ठरत नसे. उलट, बेभरवशाच्या धमाक्यापेक्षा रोज कामी येणारी साधी शक्ती बरी, हा हिशेब पुष्कळदा खरा ठरे.

४१व्या पातळीपासून वेगळीच पंगत मांडलेली असे. आपल्या प्रकारात जे उणं, ते इथे उसनं मिळे. नाजूक ब्लास्टरला आगीचं कवच घेता येई, किंवा पडल्यावर ज्वाळांतून पुन्हा उठण्याची शक्ती. पण अनेक संचांपैकी एकच निवडायचा. शिवाय शक्ती नुसती घेऊन भागत नाही. तिला धार येते ती तिच्यात बसवायच्या जादा खणांमुळे. हे खण सबंध प्रवासात ६७च मिळत. ४९व्या पातळीवर घेतलेल्या शक्तीसाठी ५०व्या पातळीवरचे तीनच उरत. म्हणून जाणकार खेळाडू शेवटची जागा अशा शक्तीला देत, जी एका खणावरही नीट चालेल.

चूक सुधारायची सोय होती. टेरा व्होल्टा इथली अणुभट्टी सोबत्यांसह हल्ल्यातून वाचवली, की सगळ्या शक्ती पुन्हा पहिल्यापासून निवडता येत. नायकाचा प्रकार आणि दोन मुख्य संच मात्र बदलत नसत.

हे सगळं ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद पडलं. कंपनीने खेळ थांबवला आणि आठ वर्षं जपलेले नायक एका दिवसात गेले. २०१९मध्ये मात्र कळलं, की काही चाहते एका खासगी सर्व्हरवर तो गुपचूप चालवत होते. मग ‘होमकमिंग’ नावाने तो सर्वांसाठी खुला झाला आणि जानेवारी २०२४मध्ये एनसीसॉफ्टने त्याला रीतसर परवानाही दिला. जुने नायक काही परत आले नाहीत. लोकांनी तीच नावं, तेच पोशाख घेऊन पहिल्या पातळीपासून पुन्हा सुरुवात केली.

या नव्या आवृत्तीत इन्फर्नोनंतर दम शून्यावर येत नाही. ती घेण्याचा निर्णय त्यामुळे सोपा झालाय. थोडा अळणीही.