तळणीच्या तेलाचा दुसरा घाणा

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेला हर्सूल टी-पॉइंटपासून जळगाव रस्ता फुलंब्री, सिल्लोड आणि पुढे अजिंठ्याकडे जातो. अशा वाहत्या रस्त्यावरच्या हॉटेलांत भजी-वडे तळून काळवंडलेले तेल दिवसाअखेर कढईत उरते, आणि त्याला तीनच वाटा असतात: गटार, दुसऱ्या दिवशीच्या ताज्या तेलात मिसळणे, किंवा बायोडिझेल. दुसरी वाट सर्वांत घातक आहे, कारण वारंवार तापवलेल्या तेलात ‘ध्रुवीय संयुगे’ म्हणजे तेलाच्या विघटनातून तयार होणारे अपायकारक घटक साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाद्यासाठी वापरू नये, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा अधिक तेल तळणीसाठी वापरणाऱ्यांना त्याची नोंदही ठेवावी लागते. मात्र रस्त्यावरच्या बहुसंख्य भजी-वड्यांच्या गाड्या या मर्यादेच्या खाली राहतात, आणि खरी अडचण तिथेच आहे.

वनस्पती तेल इंजिनाला नवे नाही. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले होते. तरीही तेल जसेच्या तसे वापरता येत नाही, कारण ते डिझेलच्या सुमारे दहापट दाट असते, नोझलमधून नीट फवारले जात नाही आणि अर्धवट जळून इंजिनात काजळी धरते. तेलाचा प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या कण्याला जोडलेल्या तीन स्निग्धाम्लांच्या साखळ्या. या साखळ्या कण्यापासून सोडवून मिथेनॉलला जोडल्या की तयार होणारे पातळ द्रव्य म्हणजे बायोडिझेल. लिटरभर तेलाला साधारण २०० मिलिलिटर मिथेनॉल लागते आणि त्यात विरघळवलेला कॉस्टिक सोडा ही क्रिया घडवून आणतो. सुमारे ६० अंश सेल्सिअसला तासभर ढवळून मिश्रण रात्रभर स्थिर ठेवले की तळाशी गडद ग्लिसरीन बसते आणि वर मधाच्या रंगाचे इंधन तरंगते.

या कारागिरीचा कस मात्र मिश्रणाआधीच लागतो. तळताना बटाट्यातले आणि पिठातले पाणी तेलात उतरते, आणि उष्णतेने काही साखळ्या आधीच सुटून ‘मुक्त आम्ल’ बनलेल्या असतात. सोडा प्रथम या आम्लावर खर्ची पडतो आणि त्याचा साबण होतो; साबण वाढला की दोन थर वेगळे होतच नाहीत आणि सगळा घाणा वाया जातो. म्हणून तेल गाळून, तापवून पाणी उडवायचे, मग १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये १ मिलिलिटर तेल विरघळवून त्यात फिनॉल्फ्थेलीनचे दोन थेंब टाकायचे आणि लिटरभर पाण्यात १ ग्रॅम सोडा असलेले द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. मिश्रणाला आलेली गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की जितके मिलिलिटर द्रावण खर्च झाले, तितके ग्रॅम सोडा ताज्या तेलाला दर लिटरमागे लागणाऱ्या साडेतीन ग्रॅममध्ये वाढवायचा. मजूर, ड्रम आणि भट्टीवर होणाऱ्या खर्चापेक्षा या एका कुपीतल्या रंगावर सारे काही अधिक अवलंबून असते.

मराठवाड्यात ओढ्याकाठी आढळणाऱ्या करंजाचे कडू, अखाद्य तेल पूर्वी दिव्यांत जळत असे. तेही या कामी येते, पण बी साठवणीत खराब झाले तर त्यातही आम्ल वाढते आणि आधी सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करावी लागते. मोगली एरंडाभोवती देशभर उभ्या राहिलेल्या अपेक्षा पुऱ्या झाल्या नाहीत, कारण हलक्या जमिनीत आणि पाण्यावाचून त्याने भरघोस बी दिले नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के मिश्रणाचे लक्ष्य आहे. त्या दृष्टीने, जे तेल आधीच विकत घेऊन वापरून झालेले आहे, ते शेतजमीन मागत नाही, हा तळणीच्या तेलाचा मोठा गुण ठरतो.

घरगुती पातळीवर हे काम सोपे म्हणणे मात्र अप्रामाणिक होईल. मिथेनॉल विषारी आहे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. मिथेनॉलची वाफ नाकात जाते, द्रव त्वचेतून शोषला जातो आणि ज्वाला जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीवर हा प्रयोग होता कामा नये, आणि विक्रीसाठीचे इंधन आयएस १५६०७ या मानकाला उतरलेच पाहिजे.

या परिसरातली थंडीही हिशेबात धरावी लागते. तळणीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पामतेलाचे बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास धुरकट होऊ लागते, आणि जानेवारीतल्या पहाटे इथला पारा त्याखाली उतरतो. म्हणून असे इंधन हिवाळ्यात डिझेलमध्ये थोड्या प्रमाणातच मिसळावे. तयार घाण्याची शेवटची परीक्षा सोपी आहे: २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर इंधन हलवून बाटली स्थिर ठेवायची, द्रव स्वच्छ राहिला तर तेल पुरते बदलले आहे, आणि तळाशी तेलाचे थेंब साचले तर तो घाणा पुन्हा भट्टीवर चढवायचा.