शाळेला संगणक हवाय? मग मागायलाही शिकू या!

मैत्रिणींनो, तुमच्या मुलांच्या शाळेत संगणकाची खोली आहे का, असं विचारलं तर बहुतेक जणी 'हो, आहे की' म्हणतील. पण त्या खोलीचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं? पुष्कळ शाळांत दोन यंत्रं बंद, एकाचा माउस गायब, इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली आणि उरलेल्या एका पडद्यापुढे पंधरा-वीस पोरांचा घोळका, असा प्रकार असतो. पुढे रेटून उभे राहणारे बहुधा मुलगे. मुली आपल्या मागून टाचा उंचावून बघतात.

घरसंसार सांभाळून मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. पालकसभेत आयांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आपण काय करणार बाई? सरकारनं द्यायला हवं." सरकारनं द्यायला हवं हे खरंच. पण सरकारी योजना, खासदारांचा निधी, कंपन्यांचा पैसा, माजी विद्यार्थी अशी कितीतरी दारं आहेत आणि ती ठोठावल्याशिवाय उघडत नाहीत. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

आणि हा केवळ हौसेचा प्रश्न राहिलेला नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, अकरावीचा प्रवेश, परीक्षेचा निकाल, सारं आता संगणकावर. घरात स्मार्टफोन एकच असेल तर तो वडिलांच्या नाही तर थोरल्या भावाच्या खिशात असतो. अशा घरातल्या मुलीला कळफलकावर हात ठेवायला मिळाला तर तो शाळेतच.

आधी घरचा हिशेब

वाणसामानाची यादी करताना आपण आधी डबे उघडून बघतो. इथंही तसंच करायचं. मुलं किती, चालू संगणक किती, खोलीत वीज किती तास असते, इंटरनेट आहे का, आणि शिकवणार कोण, एवढ्या पाच गोष्टी एका कागदावर मांडा. समजा, सहावी ते आठवीत ११२ मुलं आहेत आणि चालू संगणक दोन, तर एका संगणकामागे ५६ मुलं झाली. 'आमच्या शाळेला संगणकाची नितांत आवश्यकता आहे' या वाक्यापेक्षा हा एक आकडा देणाऱ्याला जास्त सांगून जातो.

मग खर्च मांडा, आणि इथंच बहुतेकांचं गाडं अडतं. यादीत फक्त संगणकाची किंमत असते. वीजबिल, बॅटरी, दुरुस्ती, इंटरनेटचे पैसे आणि शिकवणाऱ्या मुलीचं मानधन राहूनच जातं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! संगणक एकदाच येतो, मसाला दर महिन्याला लागतो. म्हणून मागणी करताना यंत्रं कमी मागा, पण पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसकट मागा. दहा मागून वर्षभरात सहा बंद पडण्यापेक्षा पाचच असावेत आणि पाचही चालावेत. माझ्या मते सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

सरकारी दारं

शिक्षणहक्क कायदा, २००९ प्रमाणे, विनाअनुदानित शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असायला हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. म्हणजे कायद्यानं तुम्हांला तिथं खुर्ची दिलेली आहे! शाळेचा विकास आराखडा तयार करणं हे या समितीचं काम. संगणकाची गरज प्रथम या आराखड्यात लिहून घ्या आणि तसा ठराव करा. पुढच्या प्रत्येक अर्जाला हा ठराव जोडावा लागतो.

केंद्र आणि राज्य मिळून चालवतात त्या 'समग्र शिक्षा' योजनेत, सरकारी आणि अनुदानित शाळांच्या सहावी ते बारावीच्या वर्गांना संगणक प्रयोगशाळा आणि स्मार्ट वर्गखोली यांसाठी मदतीची तरतूद आहे. शाळेची माहिती ११ अंकी यूडायस क्रमांकाखाली दर वर्षी वर पाठवली जाते. बंद संगणक कागदावर 'चालू' दाखवलेले असतील तर गरज वर दिसणार कशी? तेव्हा ती माहिती भरताना मुख्याध्यापकांकडे अगत्यानं चौकशी करा.

दुसरं दार 'विद्यांजली'चं. हे संकेतस्थळ नव्या रूपात सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालं. सरकारी आणि अनुदानित शाळांनी आपल्याला हव्या असलेल्या वस्तू किंवा सेवा इथं नोंदवायच्या आणि देऊ इच्छिणाऱ्या व्यक्तींनी, संस्थांनी, कंपन्यांनी त्यातून निवड करायची. वस्तूबरोबरच 'आठवड्यातून दोन तास संगणक शिकवणारी व्यक्ती हवी' अशी मागणीही करता येते.

तिसरं दार लोकप्रतिनिधींचं. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांपर्यंतची कामं सुचवता येतात. आमदारांचाही असा निधी असतो. हा पैसा शाळेच्या हातात येत नाही. लोकप्रतिनिधी शिफारस करतात आणि जिल्हा प्रशासन मंजुरी देऊन काम करून घेतं. म्हणून नुसता तोंडी शब्द घेऊन परतू नका. शिफारशीच्या पत्राची प्रत मागून घ्या, आणि ती जिल्हाधिकारी कचेरीत पोचली का याचा पाठपुरावा करा.

कंपन्यांचा पैसा

'सीएसआर' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार, १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांवर समाजकार्यासाठी खर्च करण्याचं बंधन आलं. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम त्यांनी अशा कामांवर खर्च करायची असते. शिक्षण हे त्या कामांच्या यादीत आहे, आणि कंपनी जिथं काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा सांगतो. तेव्हा मुंबईच्या बड्या कचेरीकडे डोळे लावण्याआधी आपल्या गावच्या एमआयडीसीत कोणकोणत्या कंपन्या आहेत ते पाहा. कोणती कंपनी कशावर किती खर्च करते हे केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावर बघायला मिळतं.

कंपनी शाळेला थेट साहित्य देऊ शकते. संस्थेमार्फत काम करायचं असेल तर त्या संस्थेजवळ आयकर खात्याची नोंदणी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाचा सीएसआर नोंदणी क्रमांक हवा. साधारणपणे तीन वर्षांच्या कामाचा पुरावाही लागतो. तुमची संस्था नवी असेल तर अशी नोंदणी असलेल्या जुन्या संस्थेला बरोबर घ्या.

वेळेचंही भान हवं. कंपन्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. वर्षाच्या सुरुवातीला अंदाजपत्रक ठरतं, तेव्हा अर्ज त्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीत पोचलेला बरा. आणि वर्षअखेरीस काहींचा पैसा खर्चाविना उरलेला असतो. ज्या शाळेचे कागद तयार असतात, तिला तेव्हा पटकन हो म्हणता येतं.

गावातले आणि सातासमुद्रापलीकडचे

२०१५ नंतर 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत प्रोजेक्टर आणि टॅब आले ते लोकवर्गणीतून. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची छोटीशी शाळा 'डिजिटल शाळा' म्हणून राज्यभर नावाजली गेली. म्हणजे हे केवळ शहरातल्या पैसेवाल्यांचं काम आहे असं समजायचं कारण नाही.

आपल्या शहरातला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आठवा. जेवण, फोटो, सत्कार, सगळं होतं. त्याच दिवशी शाळेच्या गरजांची यादी फळ्यावर लावा. 'आमच्या बॅचतर्फे एक संगणक' असं म्हणणारे हटकून निघतात. महिला मंडळांसाठीही एक सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण प्लॅस्टिकचे डबे नि चाळण्या लुटतो. एखाद्या वर्षी वाणाचे पैसे एकत्र करून शाळेची बॅटरी घेतली तर सवाष्णींचं पुण्य कमी होईल का?

देणगीदाराला आयकरातली सवलत (जिला आपण '८०-जी' म्हणत आलो) हवी असेल तर तीन गोष्टी आधीच सांगा. संस्थेकडे तशी मान्यता हवी. सवलत पैशांच्या देणगीवर मिळते, वस्तूंवर नाही, आणि २,००० रुपयांवरची देणगी रोखीनं दिली तर तीही जाते. म्हणून चेक किंवा बँकेतून. शिवाय आयकराची नवी पद्धत निवडलेल्यांना ही सवलत नाहीच.

अमेरिकेतल्या दिरानं किंवा दुबईतल्या भाच्यानं पैसे पाठवतो म्हटलं की आपल्याला आनंद होतो. पण आधी एक प्रश्न विचारा. पासपोर्ट भारताचा आहे ना? भारतीय नागरिकानं परदेशातून आपल्या बचतीतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्यानं परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी किंवा परवानगी लागते, आणि नोंदणी असलेल्या संस्थेलाही असे पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावे लागतात. नाती कितीही जवळची असली तरी इथं कायदा पासपोर्ट बघतो.

जुनं घ्यावं का?

बँका, कारखाने, कचेऱ्या दर काही वर्षांनी संगणक बदलतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची सेवा कंपनीनं थांबवली, त्यामुळे चांगली चालणारी बरीच यंत्रं बाजूला पडत आहेत. त्यांतली पुष्कळशी 'लिनक्स' या मोफत प्रणालीवर मुलांना शिकण्यापुरती उत्तम चालतात. केरळच्या सरकारी शाळांत तर कित्येक वर्षं अशाच मोफत प्रणालीवर मुलं शिकत आहेत. पत्रं लिहायला, हिशेबाचे तक्ते करायला 'लिब्रेऑफिस' फुकट मिळतं.

पण साडी फुकट मिळाली तरी आपण फाटकी आहे का ते उलगडून बघतोच. संगणक चालू करून दाखवायला सांगा. बॅटरी, चार्जर, कळफलक तपासा. देणाऱ्याची माहिती पुसून घेतली आहे असं लेखी घ्या. बंद पडलेल्या यंत्रांचा ढीग कोणी 'दान' म्हणून देऊ लागलं तर हात जोडून नाही म्हणा. तो कचरा अधिकृत ई-कचरा केंद्रात पोचवायचं काम उद्या तुमच्याच गळ्यात पडेल.

बालवाडी, वाचनालय किंवा अपंग मुलांची संस्था चालवणाऱ्या मैत्रिणींनी हेही लक्षात ठेवावं, की गूगल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्या नोंदणी तपासून सेवाभावी संस्थांना काही सेवा मोफत किंवा सवलतीत देतात. शाळांसाठी गूगलची मूळ शैक्षणिक सेवाही विनामूल्य आहे. विकत घेण्याआधी एकदा चौकशी करावी.

अर्ज कसा लिहावा?

दोन पानांपेक्षा मोठा नको. त्यात एवढं असू द्या :

१. शाळा कुठं आहे, मुलं-मुली किती, यूडायस क्रमांक.
२. आज काय आहे आणि काय नाही, आकड्यांत.
३. नेमकं काय हवं. तीन दुकानांची दरपत्रकं जोडावीत.
४. शाळा स्वतः काय घालणार. खोली, टेबलं, वीजबिल, पालकांची वर्गणी, काहीही.
५. कोण शिकवणार, आणि प्रत्येक मुलाला आठवड्यातून किती वेळ मिळणार.
६. तीन वर्षांची देखभाल कोण करणार.
७. समितीचा ठराव, मुख्याध्यापकांची सही, बँक खात्याचा तपशील.

चौथा मुद्दा गाळू नका. आपण स्वतः काही घालतो म्हटलं की मागण्याचा सूर बदलतो, आणि देणाऱ्यालाही भरवसा वाटतो. शिकवायला माणूस नाही म्हणून अडून बसू नका. एमएस-सीआयटी झालेली एखादी सून किंवा कॉलेजातली मुलगी आपल्याच गल्लीत असते. थोडं मानधन आणि मान दिला तर ती आनंदानं येते.

आल्यानंतरचं काम

संगणक आले, नारळ फुटला, फोटो निघाला. खरं काम यानंतरचं! प्रत्येक वस्तूची डेडस्टॉक रजिस्टरात नोंद करा, देणगीची पावती द्या. भिंतीवर वेळापत्रक लावा आणि मुलींना स्वतंत्र पाळी ठेवा, नाही तर त्या मागेच राहतील. वर्षातून दोनदा देणाऱ्याला साधं पत्र पाठवा. किती मुलं शिकली, काय बिघडलं, कशी दुरुस्ती केली, सगळं खरं लिहा. ज्याला असं पत्र येतं, त्याच्या दारी पुढच्या वर्षी गेलं तर तो तोंड फिरवत नाही.

मागताना संकोच वाटतो, हे मी समजू शकते. आपल्याला घरासाठी कुणापुढे हात पसरायची सवय नाही, आणि नसावीच. पण इथं आपण स्वतःसाठी काही मागत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं त्यांचं काम त्यामागं होतं. तसल्या कोडपर्यंत पोचायला मुलाच्या हाती काही तरी साधन मात्र लागतंच.

ते आपल्या शाळेत आहे का, हे येत्या पालकसभेत विचारा. उत्तर 'नाही' आलं तर वही-पेन घेऊन आणखी दोघीतिघींना जवळ बोलवा, आणि त्या पाच गोष्टी तिथंच लिहून काढा.