नाल

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फराळाची ताटं उचलली गेली की आमच्या घरी सतरंजी अंथरली जायची आणि तीन पत्तीचा डाव बसायचा. बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला प्रत्येकाने टाकायची रक्कम, चार आण्यांचा. पानं पिसण्याचा मान मोठ्या मावशीचा. दुसऱ्या दिवशीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असंही नाव आहे, त्यामुळे आजोबांनाही आक्षेप घेता येत नसे. पहाटेपर्यंत एकाची चिल्लर दुसऱ्याच्या डब्यात जायची, पण सतरंजीवरची एकूण रक्कम तेवढीच राहायची.

पुढे मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागलो, तेव्हा या खेळाची मोजणी केली. बावन्न पानांतून तीन पानांचे हात बनतात २२,१००. त्यात ट्रेल म्हणजे एकाच किमतीची तीन पानं ५२ वेळा आणि प्युअर सिक्वेन्स म्हणजे एकाच चिन्हाची ओळीने तीन पानं ४८ वेळा. म्हणजे प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ, तरी ट्रेल तिला मारते. मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "असू दे रे, नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?"

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सगळेच एकमेकांविरुद्ध खेळतात आणि सगळ्यांना एकच नियम, तेव्हा हाताचा क्रम चुकीचा असला तरी कुणाचं नुकसान होत नाही. पण समोर खेळाडूऐवजी दुकान असेल, तर एखादी गोष्ट किती दुर्मीळ आहे आणि तिला किती पैसे मिळतात यांतला फरक हाच त्या दुकानाचा नफा असतो. पत्त्यांच्या अड्ड्यावर जागामालक जिंकणाऱ्याकडून उघडपणे कट घेतो, त्याला नाल म्हणतात. कॅसिनोची नाल देण्याच्या भावातच मुरलेली असते, म्हणून ती दिसत नाही. मोजता मात्र येते.

रूलेटचं चाक घ्या. एक ते छत्तीस आकडे आणि एक शून्य, अशी ३७ घरं. एका आकड्यावर रुपया लावून तो आकडा आला तर तुमचा रुपया धरून ३६ रुपये हातात येतात. घरं ३७ आहेत, तेव्हा चोख भाव ३७चा हवा होता. हा एक रुपया, म्हणजे सदतिसावा हिस्सा, २.७० टक्के, ही नाल. फ्रांस्वा आणि लुई ब्लांक या भावांनी १८४३ साली जर्मनीतल्या होम्बुर्गला एकाच शून्याचं चाक आणलं ते गिऱ्हाइकाला स्वस्तात खेळवण्यासाठी. अमेरिकन चाकावर शून्याच्या जोडीला दुहेरी शून्यही राहिलं. घरं ३८, भाव तोच, नाल ५.२६ टक्के. ऑनलाइन कॅसिनोच्या पडद्यावर ही दोन्ही चाकं शेजारीशेजारी असतात आणि रंगरूपात फरक जाणवत नाही. एक जास्तीचं घर नाल जवळपास दुप्पट करतं.

आपल्याकडच्या लोकांसाठी या साइटवाल्यांनी अंदर-बाहरही आणला. मधे एक पान उघडं टाकायचं, मग एक पान अंदर, एक बाहर असं वाटत जायचं. त्याच किमतीचं पान आधी ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकली. वरवर पाहता निम्मे-निम्मे. पण उरलेल्या ५१ पानांत त्या किमतीची तीन पानं आहेत. त्यांच्या जागा २०,८२५ प्रकारांनी पडू शकतात आणि त्यांपैकी १०,७२५ प्रकारांत पहिलं जुळणारं पान वाटप सुरू झालेल्या बाजूलाच येतं. दुसऱ्या बाजूच्या वाट्याला १०,१००. म्हणजे ५१.५ विरुद्ध ४८.५ टक्के. वाटप अंदरपासून सुरू होत असेल आणि अंदरला शंभरावर नव्वद, बाहरला शंभरावर शंभर असा भाव असेल, तर अंदरवरची नाल २.१५ टक्के आणि बाहरवरची ३ टक्के पडते. "बाहरला पूर्ण पैसे मिळतात" म्हणून तिकडे वळणारा माणूस महाग सौदा करतो.

मुंबईच्या मटक्यात एका आकड्याला रुपयाला नऊ हा जुना भाव होता. आकडे दहा, म्हणजे नाल १० टक्के. त्या मानाने कॅसिनोतले बरेच खेळ स्वस्त दिसतात. बॅकरा या पत्त्यांच्या खेळात बँकरच्या बाजूला १.०६ टक्के, प्लेयरच्या बाजूला १.२४. मात्र त्याच टेबलावर "टाय"चा, म्हणजे बरोबरीचा, चौकोन असतो, एकास आठ भावाचा, आणि तिथे नाल १४.३६ टक्क्यांवर जाते. मोठा भाव लिहिलेला चौकोन दिसला की आधी तो प्रसंग किती वेळा येतो हे मोजावं, माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच सांगत आलो.

स्लॉट मशिनपाशी मात्र ही मोजणी थांबते. चाकाची घरं मोजता येतात, पत्ते मोजता येतात, पण स्लॉटवर दिसणारी चित्रं मोजून काहीच कळत नाही. पूर्वीच्या यांत्रिक मशिनमध्ये प्रत्येक चाकावर वीस चित्रं असली, तर तीन चाकांचे आठ हजार मेळ व्हायचे आणि त्यापेक्षा मोठं बक्षीस ठेवणं मालकाला परवडत नसे. इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन गणितज्ञाला १९८४मध्ये अमेरिकेत एक पेटंट मिळालं आणि ही अडचण संपली. चाक कुठे थांबायचं हे चाक ठरवणार नाही, आत निघालेली यादृच्छिक संख्या ठरवील. त्या संख्या चित्रांपेक्षा कितीतरी जास्त असतील. त्यांतली एखादीच मोठ्या बक्षिसाच्या चित्राला जोडायची आणि पुष्कळशा त्याच्या लगतच्या रिकाम्या जागांना जोडायच्या. मग बक्षिसाचं चित्र रेषेच्या जरा वर किंवा जरा खाली थांबलेलं वारंवार दिसतं. "थोडक्यात हुकलं" असं खेळणाऱ्याला वाटतं, आणि प्रत्यक्षात काहीही थोडक्यात हुकलेलं नसतं. मोबाइलवरच्या स्लॉटला तर लोखंडी चाकही नाही. तिथे आतली संख्या हाच खेळ, बाकी सगळं चित्र.

म्हणून स्लॉटबाबत विश्वास ठेवायला एकच आकडा उरतो, नियमांच्या पानावर लिहिलेला "आरटीपी", म्हणजे परताव्याची टक्केवारी. तो ९६ असेल तर नाल ४ टक्के. इथेही सावध राहावं लागतं. खेळ बनवणाऱ्या कंपन्या एकच खेळ, त्याच नावाने आणि त्याच चित्रांनी, कमी-जास्त परताव्याच्या आवृत्त्यांत पुरवतात. कोणती लावायची ते साइट ठरवते. खेळाच्या जाहिरातीतला आकडा पाहून भागत नाही, त्या साइटवर उघडलेल्या खेळातला आकडा पाहावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी घरी आला. वसतिगृहाच्या फीमधले पाच हजार गेले होते. त्याने विचारलं, "सर, ९६ टक्के परत मिळतात म्हणजे पाच हजारांतले दोनशेच जायला हवेत ना?" हुशार मुलगा, टक्केवारी त्याला येत होती. टक्के कशाचे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नाल खिशातल्या रकमेवर बसत नाही, लावलेल्या प्रत्येक डावावर बसते. दहा रुपयांची फेरी, सहा सेकंदांना एक, म्हणजे तासाला ६०० फेऱ्या आणि ६,००० रुपयांची उलाढाल. त्याचे ४ टक्के २४० रुपये. या सरासरीने पाच हजार संपायला २१ तास पुरतात. तेच पैसे पुन्हा पुन्हा फिरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांची थोडी कातर निघते.

हा वेग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गणितज्ञ याकोब बर्नुलीचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली बाझेलला छापलं गेलं. फेऱ्या वाढत जातात तशी सरासरी तिच्या खऱ्या किमतीकडे सरकते, हे त्याने त्यात सिद्ध केलं आहे. रूलेटवर एकाच आकड्याला धरून हजार फेऱ्या खेळलात, तर नशिबाचा चढउतार एकूण लावलेल्या रकमेच्या साडेअठरा टक्क्यांच्या आसपास असतो आणि नाल असते २.७ टक्के. त्या गोंधळात नाल दिसणारच नाही. कुणी जिंकून उठेल, कुणी दुप्पट हरेल, आणि दोघेही नशिबाबद्दल बोलतील. चढउतार नालेइतका खाली यायला सुमारे ४७ हजार फेऱ्या लागतात. खऱ्या टेबलावर तासाला ४० फेऱ्या धरल्या, तर त्याला जवळजवळ बाराशे तास हवेत. पडद्यावर तासाला ६०० फेऱ्या झाल्या, तर ७८ तास. सुटीत पणजीला जाऊन मांडवीवरच्या कॅसिनोच्या जहाजात एक संध्याकाळ बसणारा माणूस आयुष्यभरात जिथे पोहोचत नाही, तिथे फोन हातात घेतलेला मुलगा एका महिन्यात पोहोचतो. त्याच २.७ टक्क्यांत.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने या वेगाचं महत्त्व ओळखलं. ऑक्टोबर २०२१पासून तिथे ऑनलाइन स्लॉटची फेरी अडीच सेकंदांहून लवकर संपवता येत नाही आणि आपोआप फेऱ्या चालू ठेवायची सोय बंद झाली. लावलेल्या रकमेइतके किंवा त्याहून कमी पैसे परत आले, तर विजयाचे दिवे आणि आवाज दाखवायलाही मनाई आहे. दहा लावून सहा परत आले की पडदा आनंदाने चमकायचा, ही किती दुष्ट युक्ती होती! २०२५मध्ये एका फेरीला पाच पौंड आणि पंचविशीच्या आतल्यांना दोन पौंड अशी मर्यादाही घातली गेली.

आपल्याकडे महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा चालतच आला आहे. राज्याने १९७६मध्ये केलेला कॅसिनोंचा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३मध्ये तो रद्दही झाला. गोव्यात १९७६च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन पंचतारांकित हॉटेलांना आणि नंतर जहाजांना परवानगी मिळाली. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मला हे योग्य वाटतं. परदेशी साइटकडे पैसे अडकले तर इथे दाद कुणाकडे मागणार, हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

त्या मुलाच्या बाबतीत बोनसचाही भाग होता. पहिल्यांदा भरलेल्या रकमेइतकी रक्कम साइट वर देते, पण ती काढून घेण्याआधी तीसपट उलाढाल करायची अट असते. मी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि दहा हजारांच्या बोनसचा हिशेब मांडायला सांगितला. दहा हजार गुणिले तीस, तीन लाख. त्याचे चार टक्के, बारा हजार. दहा हजार मिळवण्यासाठी सरासरीने बारा हजार घालवायचे. त्याने गुणाकार पुन्हा एकदा करून पाहिला. मग न विचारताच कागद उलटा करून ५१ पानांचा अंदर-बाहरचा हिशेब मांडायला घेतला. २०,८२५पर्यंत पोहोचायला त्याला अर्धा तास लागला. तोवर चहा गार झाला होता, म्हणून पुन्हा ठेवला.