चमकदार ‘ड्राय-फिट’ टी-शर्ट उन्हात खरंच थंड ठेवतो का?

चिखला (ता. तुमसर) : पोपटी, गुलाबी, भगवा ‘ड्राय-फिट’ टी-शर्ट सध्या पोरांच्या अंगावर सर्रास दिसतो. ‘अंगाला थंड लागते’ असं दुकानदार सांगतो. ते अर्धंच खरं आहे.

हा कपडा बहुतेक पॉलिस्टरचा असतो. पॉलिस्टर घाम पीत नाही. धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम बाहेर पसरतो आणि लवकर उडतो. माठ पाझरला की पाणी गार होतं, तसंच हे. म्हणून मे महिन्यात, कोरड्या हवेत, वारा असेल तर फायदा होतो. पण रोवणीच्या दिवसांत किंवा दमट भूमिगत खाणीत घाम उडतच नाही, कपडा नुसता अंगाला चिकटतो. तिथे सैल सुती सदरा बरा. आणि चुलीजवळ, आगीजवळ पॉलिस्टर घालूच नका. ते वितळून कातडीला चिकटते.

आता रंग. हे भडक रंग उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेतात आणि दिसणारा उजेड करून बाहेर टाकतात, म्हणून चमकतात. थंडाव्याशी त्याचा संबंध नाही. रात्री ऊनच नसते, त्यामुळे रात्रपाळी करून दुचाकीने परतताना हा रंग कामाचा नाही. गाडीच्या उजेडात चकाकणारी पट्टी लागतेच.

घेताना आतून पाण्याचा थेंब टाकून पाहा. लगेच पसरला तर माल बरा, मोत्यासारखा तसाच राहिला तर नाव फक्त लेबलवर. धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड टाकू नका, त्याचा थर बसला की घाम पसरत नाही.